वाघ नागरिक, माणूस अर्जदार : अर्जुनी मोरगावचा न लिहिलेला इतिहास

गोंदिया जिल्ह्याची ओळख सांगताना दोनच गोष्टी पुढे केल्या जातात. एक, हा तलावांचा जिल्हा. दोन, हा वाघांचा जिल्हा. पर्यटनाच्या पत्रकात नवेगावबांधचे पाणी असते, नागझिऱ्याचे जंगल असते, धानाच्या बांधीत उभा असलेला सारस असतो. माणूस नसतो. असलाच तर जिप्सीत बसलेला पर्यटक किंवा त्याला वाघ दाखवणारा गाइड. या जिल्ह्यात कोण राहते, कुठून आले, कुणाला कोणत्या कागदावर वसवले आणि कुणाला कोणत्या कागदावरून उठवले, हा इतिहास एका ठिकाणी मांडलेला सापडत नाही. तो मांडला तर जंगल, जात आणि नागरिकत्व हे एकाच प्रश्नाचे तीन तुकडे आहेत हे उघड होईल.

हा प्रश्न नेमका पकडणाऱ्या एका अभ्यासकाचे काम आपल्या चळवळीत फारसे वाचले गेलेले नाही. अन्नू जलैस या मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी वर्षानुवर्षे अभ्यास केला तो बंगालच्या सुंदरबनात. गोंदियाचा त्यात उल्लेख नाही. तरीही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या माणसाने त्यांचे लिखाण वाचले तर त्याला ते आपल्याच गावाबद्दल वाटेल. का, ते पुढे सांगतो.

मरिचझापी काय होते?

एप्रिल २००५ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या साप्ताहिकात जलैस यांचा मरिचझापीवरचा लेख छापून आला. वाघ 'नागरिक' झाले आणि निर्वासित 'वाघांचे खाद्य' झाले, असे त्या लेखाच्या शीर्षकातच म्हटले होते. २०१० मध्ये त्यांचे 'फॉरेस्ट ऑफ टायगर्स' हे पुस्तक आले.

घटना थोडक्यात अशी. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून निर्वासितांचे लोंढे आले. सुरुवातीला आलेल्या सवर्ण, शिकलेल्या कुटुंबांनी कोलकात्यात आणि आसपास जम बसवला. पुढच्या काळात आलेले बहुसंख्य लोक शेतकरी, मच्छीमार, मजूर होते आणि त्यांत नामशूद्रांचा भरणा मोठा होता. त्यांच्यासाठी पश्चिम बंगालमध्ये जागा नाही असे ठरले. १९५८ मध्ये सुरू झालेल्या दंडकारण्य योजनेत त्यांना ओडिशा आणि तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या जंगलात पाठवण्यात आले. नदीनाल्यांच्या, भाताच्या, मासळीच्या मुलखातला माणूस मुरमाड माळावर आणून टाकला.

१९७७ मध्ये बंगालमध्ये डाव्या आघाडीचे सरकार आले. विरोधात असताना याच डाव्यांनी निर्वासितांना बंगालमध्येच वसवा म्हणून आवाज उठवला होता. त्या भरवशावर १९७८ मध्ये हजारो लोक दंडकारण्यातून निघाले आणि सुंदरबनातल्या मरिचझापी बेटावर येऊन राहिले. सरकारचा एक पैसा न घेता त्यांनी बांध घातले, शाळा उघडली, दवाखाना काढला, मासेमारी सुरू केली. सरकारने जाहीर केले की हे राखीव जंगल आहे, व्याघ्र प्रकल्पाचे क्षेत्र आहे, येथे राहणे बेकायदेशीर आहे. जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी झाली. अन्न, पाणी, औषध बंद. ३१ जानेवारीला गोळीबार झाला. मे महिन्यात झोपड्या जाळून बेट रिकामे करण्यात आले. मेलेल्यांचा आकडा आजही वादात आहे. सरकारी आकडा बोटांवर मोजण्याइतका आहे, वाचलेले लोक शेकड्यांत बोलतात.

जलैस यांनी या घटनेत दोन गोष्टी दाखवल्या. पहिली, ज्या जंगलासाठी हे केले असे सांगितले गेले, तिथली खारफुटी सरकारनेच १९७५ मध्ये तोडून नारळ आणि झाऊची लागवड केली होती. म्हणजे जंगल हे निमित्त होते. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सुंदरबनातल्या खालच्या जातींच्या लोकांना या घटनेतून कळले की कोलकात्याच्या भद्रलोकांच्या हिशेबात आपली किंमत वाघापेक्षा कमी आहे. वाघाला जागेवर हक्क आहे, त्याच्यासाठी कायदा आहे, जगभरातून पैसा आहे. आपल्याला फक्त 'घुसखोर' हे नाव आहे.

आता सांगा, हे ऐकताना नवेगावबांध आठवते की नाही?

बाबासाहेबांचे मतदार आणि बाबासाहेबांचा पराभव

मरिचझापीशी आपले नाते फक्त सहानुभूतीचे नाही. ते ऋणाचे आहे.

१९४६ मध्ये संविधान सभेच्या निवडणुकीत काँग्रेसने बाबासाहेबांसाठी सगळी दारे बंद केली होती. मुंबई प्रांतातून निवडून जाण्याचा मार्ग नव्हता. तेव्हा बंगालमधून जोगेंद्रनाथ मंडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाबासाहेबांना निवडून पाठवले. मंडल स्वतः नामशूद्र. ज्या जेसोर-खुलना भागाच्या बळावर हे घडले तो फाळणीत पाकिस्तानात गेला आणि बाबासाहेबांची जागाही गेली. जुलै १९४७ मध्ये ते मुंबईतून पुन्हा निवडले गेले, पण संविधान सभेचे दार पहिल्यांदा उघडले ते बंगालच्या नामशूद्रांनी. मंडल पाकिस्तानचे पहिले कायदामंत्री झाले, तिथल्या दलितांवरचे अत्याचार पाहून ऑक्टोबर १९५० मध्ये राजीनामा देऊन भारतात परतले आणि १९६८ मध्ये मरेपर्यंत निर्वासितांच्या प्रश्नावर धडपडत राहिले.

आता आपल्या जिल्ह्याकडे या. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते, स्वतंत्र जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. काँग्रेसच्या उमेदवाराने राखीव जागेवर बाबासाहेबांना हरवले. आपल्या कार्यक्रमांत या पराभवाची आठवण दरवर्षी निघते. मात्र ज्या समाजाने बाबासाहेबांना निवडून दिले, त्याच समाजाची कुटुंबे काही वर्षांतच आपल्या जिल्ह्यात येऊन राहिली, याची आठवण कुणी काढत नाही.

पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना विदर्भातही आणले गेले. चंद्रपूर-गडचिरोलीत त्यांची मोठी वस्ती आहे. अर्जुनी मोरगाव तालुक्यात अरुणनगर, गौरनगर अशी त्यांची गावे आहेत. आपण त्यांना 'बंगाली कॅम्प' म्हणतो. माणसे दोन-तीन पिढ्या इथे जन्मली, मराठीत शिकली, तरी गाव अजून 'कॅम्प'च. या एका शब्दात आपली मानसिकता दिसते.

जात आली, दाखला आला नाही

नामशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत आहेत. महाराष्ट्रात नाहीत. संविधानाच्या कलम ३४१ प्रमाणे अनुसूचित जातींची यादी राज्यवार असते. त्यामुळे सरकारने ज्या कुटुंबाला बंगालमध्ये ठेवले त्याला दाखला, आणि ज्याला सरकारनेच गाडीत बसवून महाराष्ट्रात आणले त्याला तो नाही. माणूस स्वतःच्या मर्जीने आला नव्हता. त्याची जात त्याच्याबरोबर आली, तिची वागणूकही आली, फक्त हक्क मागे राहिला.

हा निव्वळ कारकुनी घोळ नाही. सर्वोच्च न्यायालयाने मे १९९० मध्ये मर्री चंद्रशेखर राव प्रकरणात हाच नियम पक्का केला. आंध्रातला अनुसूचित जमातीचा विद्यार्थी, लहानपणी कुटुंबाबरोबर महाराष्ट्रात आलेला, मुंबईच्या शेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात राखीव जागेवर प्रवेश मागत होता. न्यायालयाने सांगितले की एका राज्यातला दर्जा दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही.

बौद्धांनी हे दुःख चांगले ओळखले पाहिजे. १९५६ मध्ये आपल्या आजोबांनी दीक्षा घेतली आणि १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातल्या धर्माच्या अटीमुळे केंद्राच्या सवलती गेल्या. त्या परत मिळायला १९९० साल उजाडावे लागले. चौतीस वर्षे! आपण धर्माची सीमा ओलांडली म्हणून हक्क गेला, नामशूद्रांनी राज्याची सीमा ओलांडली म्हणून गेला. आपला परत मिळाला, त्यांचा नाही.

आदिवासींचेही पाहा. विदर्भातल्या गोंडांना अनुसूचित जमातीची मान्यता १९७६ पर्यंत फक्त मेळघाट, गडचिरोली, सिरोंचा, केळापूर, वणी, यवतमाळ अशा ठरावीक तालुक्यांपुरती होती. भंडारा जिल्हा त्यात नव्हता. तालुक्याच्या शिवेपलीकडचा सख्खा मामेभाऊ आदिवासी आणि अलीकडचा नाही, असा हा कारभार होता. १९७६ च्या कायद्याने ही क्षेत्रमर्यादा उठली. गोवारींनी आपली ओळख मागितली तर २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात ११४ माणसे चेंगरून मेली. त्यात बायका आणि लेकरे होती. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गोवारींचा दावा फेटाळला.

अस्मितेचे राजकारण म्हणून जे लोक नाक मुरडतात त्यांनी हा हिशेब एकदा नीट वाचावा. अस्मिता आम्ही हौसेने मिरवत नाही. यादीत नाव कोणत्या शब्दाने लिहिले आहे, त्यावर मुलाची फी आणि बापाची जमीन ठरते. ज्यांची ओळख सातबारा आणि आडनाव आपोआप सांगते, त्यांना दाखल्याच्या रांगेत कधी उभे राहावे लागत नाही.

तिबेटी बौद्ध आणि नागरिकत्वाचा कायदा

याच तालुक्यात गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची नोर्ग्येलिंग ही वसाहत आहे. तेही बौद्ध, आपणही बौद्ध. आपले उपासक तिथल्या विहारात जातात, फोटो काढतात, परत येतात. त्यांच्या नागरिकत्वाचे काय, हे विचारत नाहीत.

कायदा असा आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेला कोणीही जन्माने भारतीय नागरिक आहे. या काळात जन्मलेल्या एका तिबेटी तरुणीला भारतीय पासपोर्टचा हक्क आहे, असे दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१० मध्ये मान्य केले. मात्र २०१७ मध्ये पासपोर्टसाठी ज्या अटी पुढे आल्या, त्यांत नोंदणी प्रमाणपत्र परत करणे आणि निर्वासित वसाहतीत न राहणे याही होत्या. म्हणजे नागरिकत्व घ्यायचे तर घर सोडायचे. ज्या जमिनीवर आई-बाप राबले ती सोडल्यावर हातात कागद येणार.

आणि २०१९ चा सुधारणा कायदा? त्यात 'बौद्ध' हा शब्द आहे. मार्च २०२४ मध्ये त्याचे नियम आले तेव्हा आपल्यातल्याच काहींनी त्याचे स्वागत केले की बघा, बौद्धांचा विचार केला. पण कायदा पाकिस्तान, बांगलादेश आणि अफगाणिस्तान या तीनच देशांपुरता आहे. तिबेट त्यात नाही. भारतातली बौद्ध निर्वासितांची सर्वांत ठळक वसाहत ज्यांची, तेच या कायद्याबाहेर. धर्माच्या आधारे नागरिकत्व देणाऱ्या कायद्यात बौद्धांचे नाव शोभेपुरते कसे वापरले जाते, हे पाहायला दिल्लीला जायची गरज नाही. गोठणगावला जा.

पंचाहत्तर वर्षांचा पुरावा

आता जंगलाकडे वळू. नागझिरा अभयारण्य १९७० चे, नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प डिसेंबर २०१३ चा. त्याआधी शेकडो वर्षे या भागात माणसे राहत होती, मोह वेचत होती, तेंदूपत्ता तोडत होती, तलावात जाळे टाकत होती.

इथल्या तलावांना आपण 'मामा तलाव' म्हणतो. मामा म्हणजे माजी मालगुजारी. कोहळी समाजाने हे तलाव बांधले असा इतिहास सांगितला जातो आणि त्यांचे कौशल्य वादातीत आहे. पण पाळीवर माती कुणी टाकली? गाळ कुणी उपसला? त्या हातांची नावे मालगुजाराच्या वहीत येत नाहीत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. मालक बदलला, पण पाणी आणि मासळी ज्यांच्या पोटाची, त्यांचा हक्क कागदावर आला नाही. तो त्यांना ठेका आणि सोसायटीच्या मार्गाने मागावा लागला.

तळ्याचा प्रश्न हा नागरिकत्वाचा प्रश्न असतो हे आम्हाला २० मार्च १९२७ रोजीच शिकवले गेले आहे. चवदार तळ्याचे पाणी पिऊन बाबासाहेबांनी तहान भागवली नाही, या देशात सार्वजनिक म्हणजे काय हे विचारले. खटला दहा वर्षे चालला आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. 'सार्वजनिक' या शब्दात आपण येतो की नाही, हाच प्रश्न आज वनहक्क समितीपुढे ढिवर आणि बौद्ध घेऊन उभे आहेत.

२००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींसाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे वास्तव्य पुरेसे मानले. इतरांना मात्र तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा पुरावा द्यायचा आहे. हिशेब केला तर तो १९३० पर्यंत जातो. १९३० मध्ये मालगुजाराच्या गावात महार, ढिवर यांच्या नावे कोणता कागद असणार होता? ज्यांना लिहायला बंदी होती त्यांच्याकडे लेखी पुरावा मागायचा, हा शुद्ध मनुवादी न्याय झाला. खरे तर अट त्या जमिनीच्या तुकड्यावरच्या ताब्याची नाही, त्या भागातल्या वास्तव्याची आहे. गावातल्या वयस्क माणसांचे जबाबही नियमांप्रमाणे पुराव्यात धरले जातात. मासळी आणि पाणवठ्यांवरचा सामूहिक हक्कही याच कायद्याच्या कलम ३ मध्ये आहे. पण हे गावात सांगणार कोण? फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला. देशभर ओरड झाल्यावर पंधरा दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. स्थगिती म्हणजे हक्क नव्हे.

आणि बंगाली कॅम्पातल्या माणसाचे काय? तो १९३० मध्ये खुलना नाहीतर बारिसालमध्ये होता. तो वनहक्काच्या अटीत कधीच बसणार नाही. अनुसूचित जातीतही नाही, जंगलातही नाही.

'एन. टी.' कोण?

आमच्याकडे 'एन. टी.' म्हटले की भटक्या जमाती. ढिवर त्यात येतात. मे २०२३ मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी आणून नागझिऱ्यात सोडल्या, एप्रिल २०२४ मध्ये तिसरी सोडली. त्यांची नावे एन. टी. एक, एन. टी. दोन, एन. टी. तीन. गळ्यात रेडिओ कॉलर, मागे पथक, कुठे गेली याची रोजची नोंद. मंत्री स्वतः सोडायला हजर. आमच्या एन. टी.च्या ढिवराला जातवैधतेसाठी किती फेऱ्या माराव्या लागतात याची नोंद कुठल्या कॉलरमध्ये होते?

याच व्याघ्र प्रकल्पासाठी कालीमाती, कवलेवाडा, झनकारगोंदी ही गावे उठवून सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूर येथे वसवली गेली. सोयी मिळाल्या नाहीत म्हणून ही माणसे पुन्हा जुन्या गावाकडे निघाली होती. वाघिणीचे स्थलांतर आणि माणसाचे पुनर्वसन, दोन्ही एकाच जंगलात. दोन्हींना किती लक्ष मिळाले त्याची तुलना वाचकांनी करावी.

आक्षेप आणि उत्तर

कुणी म्हणेल, मरिचझापीत गोळ्या चालल्या, इथे चालल्या नाहीत, मग तुलना कशाला? बरोबर आहे. गोंदियात हत्याकांड झालेले नाही आणि तसे भासवणे खोटेपणा होईल. तुलना पद्धतीची आहे. आधी माणसाला कागदावर परका ठरवा, मग जंगल पवित्र ठरवा, मग दोघांना समोरासमोर उभे करा. गोळी हा त्या रांगेतला शेवटचा टप्पा असतो. पहिले टप्पे आपल्याकडे पूर्ण झालेले आहेत.

दुसरा आक्षेप गंभीर आहे आणि तो आदिवासींकडून येतो. निर्वासितांना वसवले ती जमीन आणि ते जंगल आमचे होते, दंडकारण्यातही आणि विदर्भातही. हा आक्षेप खरा आहे. सवर्ण राज्यकर्त्यांनी बंगालचा दलित गोंडाच्या दाराशी आणून बसवला आणि दोघांचे भांडण लावून दिले. त्याचे उत्तर निर्वासिताला हाकलणे हे नव्हे आणि आदिवासीला गप्प करणे हेही नव्हे. पाचवी अनुसूची, पेसा, सामूहिक वनहक्क हे आदिवासींचे हक्क पहिले, यात तडजोड नाही. पण ज्याला सरकारने आणले त्याच्या जातीचा दाखला द्यायला आदिवासीची एक गुंठाही जमीन लागत नाही.

तिसरा आक्षेप वाघप्रेमींचा. जंगल उरले नाही तर हक्क कशावर सांगाल? आम्ही विचारतो, जंगल आजवर उरले कुणामुळे? जिथे लोक होते तिथेच ते उरले आहे. तिरोड्यात ३३०० मेगावॉटचा खासगी औष्णिक प्रकल्प उभा राहिला तेव्हा हे प्रेम कुठे होते? निसर्गाचे संरक्षण जातीच्या उतरंडीने होणार असेल, तर त्यात वरचा माणूस नेहमी 'निसर्गप्रेमी' असेल आणि खालचा नेहमी 'अतिक्रमणदार'.

चळवळीने काय करावे

जलैस यांच्याकडून एक गोष्ट शिकावी. त्या सुंदरबनात आधी ऐकायला गेल्या. निर्वासित काय सांगतात, मच्छीमार वाघाबद्दल काय बोलतात, ते त्यांनी लिहून घेतले. आपल्या जिल्ह्यात हे काम कुणी केलेले नाही. गावातली ऐंशी-नव्वदीची माणसे अजून हयात आहेत, तोवर त्यांचे जबाब घेऊन ग्रामसभेत नोंदवा. तो इतिहासही होईल आणि वनहक्काचा पुरावाही. १४ एप्रिलच्या कार्यक्रमाला अरुणनगरच्या लोकांना मंचावर बोलवा आणि जोगेंद्रनाथ मंडलांचा फोटो बाबासाहेबांच्या शेजारी लावा. नामशूद्रांना महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत घ्या, ही मागणी त्यांची एकट्याची राहू देऊ नका. आपले आरक्षण वाटून जाईल अशी भीती घालणारे आपल्यातही निघतील. त्यांना १९४६ ची आठवण द्या. तेव्हा बंगालच्या त्या माणसांनी आपला प्रांत, आपली भाषा पाहिली नव्हती.

बाबासाहेब ज्या जिल्ह्यात हरले, त्याच जिल्ह्यात त्यांना जिंकवणाऱ्यांची नातवंडे दाखल्याशिवाय राहतात. १९५४ चे मत आता बदलता येत नाही. हा दाखला मात्र मिळवून देता येतो.

जय भीम!